पुण्यात एकाच सिनेमाचं तिकीट कुठे १२०, तर कुठे ४०० रुपये का?

थेटर, वार आणि खेळाची वेळ, यावर दर ठरतो. त्यात १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी ५ टक्के, वर गेलं की थेट १८ (सप्टेंबर २०२५ पासून). तमिळनाडूत सरकार कमाल दर ठरवून देतं. जपानमध्ये मोठ्या थेटर-साखळीत तिकीट २००० येन, म्हणजे हजार रुपयांच्या वरच, आणि मध्यंतर नाही!

माझं मत विचाराल तर मराठी सिनेमा पेठेतल्या एकपडदा थेटरातच बघा. खुर्ची जरा करकरते, पण मध्यंतरात कागदात गुंडाळलेला गरम वडा मिळतो आणि विनोदाला अख्खी बाल्कनी एकदम हसते. आवाजाची करामत असलेला सिनेमा असेल तर मात्र मल्टिप्लेक्स, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळच्या खेळाला.