सव्वा लाखाचे सामान आणि सह्याद्रीतला पाऊस

डोंबिवलीहून पत्र लिहिणाऱ्या आमच्या वाचक भगिनी २९ वर्षांच्या आहेत. लोअर परळच्या कार्यालयात त्या नोकरी करतात आणि महिन्याला ६२,००० रुपये त्यांच्या हाती येतात. वर्षाला सहा-सात ट्रेक त्या करतात, बहुतेक पावसाळ्यातच, आणि येत्या डिसेंबरात त्यांना उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर जायचे आहे. कार्यालयातल्या ट्रेकच्या गटाने एका परदेशी कंपनीचे सामान घेतले असून, त्याच धर्तीवर त्यांनी यादी केली आहे: जॅकेट ३८,०००, बूट १९,०००, ६० लिटरची सॅक २४,००० आणि जीपीएस घड्याळ ४५,०००, म्हणजे एकूण १,२६,००० रुपये, बारा महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवर. हे हप्ते भागवण्यासाठी ५,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, वर्षभर थांबवली तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, उत्तर आधी देतो: एसआयपी थांबवू नका आणि ही यादी आहे तशी घेऊ नका. डोंगरावर खर्च करण्याला माझा मुळीच विरोध नाही. आठवडाभर लोकलमध्ये उभे राहून प्रवास करणाऱ्या माणसाने रविवारी पहाटेची कसारा गाडी पकडून कळसूबाईला जावे, यासाठी अंदाजपत्रकात हक्काची जागा असलीच पाहिजे. माझा आक्षेप इतकाच, की या यादीतले पैसे तुमच्या डोंगरापर्यंत पोहोचत नाहीत.

तुम्ही दिलेले आकडे मांडून पाहू. घरात २०,०००, प्रवास आणि जेवण ९,०००, शिक्षणकर्जाचा हप्ता ८,४०० आणि एसआयपी ५,००० वजा केल्यावर १९,६०० उरतात. त्यातले सुमारे १२,००० कपडे, फोन, बाहेरचे खाणे आणि ट्रेक यांवर जातात, म्हणजे खऱ्या अर्थाने मोकळे असतात ७,६००, आणि नवा हप्ता आहे १०,५०० रुपयांचा. तुमची शिल्लक ९०,००० रुपये आहे, पण तुमचा अटळ मासिक खर्चच ३७,४०० असल्याने ती अडीच महिनेही पुरणार नाही. नोकरी गेली किंवा आईवडिलांपैकी कोणी आजारी पडले, तरी जॅकेटाचा हप्ता शिक्षणकर्जाच्या हप्त्याशेजारी उभाच राहील. एसआयपीतले वर्षभराचे ६०,००० रुपये पंचवीस वर्षे राहिले आणि सरासरी १० टक्के परतावा मिळाला असे धरले, तर ते सहा लाखांच्या आसपास जातात. अशा परताव्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, तरीही वर्षभराच्या खंडाची किंमत किती मोठी असू शकते, हे यावरून दिसते.

‘नो-कॉस्ट’ या शब्दाबद्दल. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते आणि व्याजाचा भाग बहुधा प्रक्रिया शुल्कात दडवलेला असतो, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते. कार्डावरच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच आणि विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. दर १५ टक्के धरला, तर तुमच्या बारा हप्त्यांत सुमारे ९,७०० रुपये व्याज आहे. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,७४० रुपये, आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जाईल. यातला दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. विक्रेता ९,७०० रुपये सोडायला तयार असेल, तर वस्तूची खरी रोख किंमत तेवढ्याने कमी आहे, आणि ती सूट रोखीने मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता जॅकेटाकडे येतो, कारण या यादीतला सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे. अशा जॅकेटात एक अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. तो बाहेरचे पाणी अडवतो आणि आतल्या घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. मात्र ही वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या फरकामुळे. थंड, कोरड्या हवेत हा फरक मोठा असल्याने जॅकेट उत्तम चालते. जुलैत राजमाचीच्या किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर बाहेरची हवाच उबदार आणि बाष्पाने भरलेली असते, चढताना घामाच्या धारा लागतात, आणि ३८,००० चे जॅकेट घातलेला माणूसही तासाभरात आतून ओला होतो. कापडाच्या वरच्या थरावरचे पाणी झटकून टाकणारे लेपन वापराने झिजते, आणि मग तो थर पाणी पिऊ लागला की वाफेची वाट आणखी बंद होते. लेबलावर छापलेला २०,००० मिलिमीटरसारखा आकडा कापड किती पाण्याचा दाब सहन करते हे सांगतो. आत घाम किती साचेल याविषयी तो काहीच सांगत नाही. पावसाळ्यात सहा दिवस, असे पाच वर्षे वापरले तरी या जॅकेटाचा खर्च दर दिवसाला साडेबाराशेहून अधिक पडतो, आणि तुमच्याच हिशेबाप्रमाणे लोकल, जीप आणि गावातले जेवण धरून एक ट्रेक होतो ७०० रुपयांत. त्याच वाटेच्या कडेला खाचरात इरले पांघरून भातलावणी करणाऱ्या बायका पाठ झाकतात आणि वारा खेळता ठेवतात. सह्याद्रीतल्या पावसासाठी सैल पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा बिनबाह्यांचा रेनकोट, आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे कपडे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

हे कपडे डोंगरापेक्षा शहरातच जास्त दिसतात, हेही लक्षात घ्या. गिर्यारोहणाचे कपडे रोजच्या पेहरावात मिरवण्याच्या या प्रकाराला २०१७ पासून ‘गॉर्पकोर’ असे नावही मिळाले आहे. कपडा आवडतो म्हणून घेण्यात गैर काही नाही, फक्त तो खर्च कपड्यांच्या खात्यात लिहावा आणि त्या खात्याला झेपेल एवढाच करावा.

बुटांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका, असे मी सांगेन. शेवाळलेल्या कातळावर पकड देणारा रबरी तळवा हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पण ती पकड १९,००० रुपयांतच मिळते असे नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षे चालणारी कितीतरी मंडळी ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’सारखे साधे बूट वापरतात. जलरोधक बुटात ओढा ओलांडताना वरून शिरलेले पाणी लवकर निघत नाही, आणि मग दिवसभर तेच वजन पायाला बांधून चालावे लागते. शिवाय अनेक महागड्या बुटांचा मधला तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत तो न वापरताही कुजतो. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या एका गृहस्थांचे माळ्यावर जपून ठेवलेले बूट तीन वर्षांनी बाहेर काढले, तेव्हा उतरणीवरच दोन्ही तळवे सुटून आले.

घड्याळाचे काम फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा करतो, आणि एका दिवसाच्या ट्रेकला ६० लिटरची सॅक अर्धी रिकामीच राहील.

केदारकंठा सुमारे ३,८०० मीटर उंच आहे. डिसेंबरात तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे पिसांचे उबदार जॅकेट तिथे खरोखर लागते. मात्र ते पाच-सहा दिवसांपुरते लागते, आणि पायथ्याच्या सांक्री गावात किंवा आयोजकांकडे ते रोजच्या भाड्याने मिळते. आयोजकांना आजच विचारा. पुढे वर्षाला दोनदा हिमालयात जाऊ लागलात, तर ते विकत घेण्याचा मी स्वतः आग्रह धरीन.

माझी यादी अशी आहे: बूट ४,५००, तीस लिटरपर्यंतची सॅक २,५००, पोंचो १,०००, फ्लीस आणि थर्मल मिळून २,५००. ही बेरीज १०,५०० होते, म्हणजे तुमचा एकच हप्ता, आणि तोही रोखीने. मोकळ्या ७,६०० पैकी २,५०० दरमहा ट्रेकसाठी वेगळे ठेवा आणि ५,१०० लिक्विड फंडात, म्हणजे गरजेला लवकर पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात टाका. सहा महिन्यांच्या अटळ खर्चाइतका, म्हणजे २,२४,४०० चा आपत्कालीन निधी आजची शिल्लक धरून यातून दोन वर्षांपेक्षा थोड्या अधिक काळात पूर्ण होईल. निघण्यापूर्वी आरोग्य विम्याच्या आणि अपघात विम्याच्या पॉलिसीतले साहसी खेळांविषयीचे कलमही वाचा. बूट मात्र ऑक्टोबरच्या आत घ्या, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना जाड मोजे घालून पाहा, आणि पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईची एक फेरी त्यांनीच करा, म्हणजे डिसेंबरपर्यंत ते पायाला बसलेले असतील.