थीम पार्कमधल्या पाण्याच्या राइडवर भिजल्यावर उरलेला दिवस कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात खोपोलीच्या इमॅजिकाला जाताय, बरोबर ६ वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. पाण्याच्या राइडला बसलो तर दिवसभर ओलेत्याने फिरावं लागेल, म्हणून ती राइड सोडूनच द्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे. सोडू नका. घरी आल्यावर मुलं आठवडाभर बोलतात ती तोंडावर फुटलेल्या त्या लाटेबद्दलच. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांच्या सहली घेऊन जाते, त्यामुळे बसभर भिजलेली मुलं सांभाळायची मला सवय आहे. भिजल्यामुळे कुणाचा दिवस बिघडलेला मी पाहिला नाही. बिघडतो तो नंतरचे चार-पाच तास तसंच ओलं राहिल्यामुळे, आणि ते बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

एक गल्लत पुष्कळ जण करतात, ती आधी दूर करते. इमॅजिकाचं थीम पार्क २०१३ साली सुरू झालं आणि शेजारचं वॉटर पार्क त्यानंतर. दोन्हींची तिकिटं वेगळी. वॉटर पार्कमध्ये नायलॉनचे पोहण्याचे कपडे घालूनच पाण्यात उतरायचं असतं, त्यामुळे तिथे माणूस तयारीनिशी जातो. थीम पार्कमध्ये आपण रोजच्या कपड्यांत असतो आणि मधेच राजासॉरसची बोट किंवा स्प्लॅश अहॉय समोर येतं. पहिलीत डायनोसॉरमधून फिरून शेवटी उतारावरून पाण्यात यायचं, दुसरीत जहाजात बसून पाण्याच्या बंदुका चालवायच्या आणि समोरच्याच्या अंगावर घ्यायच्या. (रांगेत उभ्या असताना मुलीला जरूर सांगा की राजासॉरस हे पार्कवाल्यांनी शोधलेलं नाव नाही. गुजरातमध्ये तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. आपल्याकडचा डायनोसॉर म्हटल्यावर मुलांचे डोळे चमकतात.)

राइडला बसण्याआधी एक काम करा. जिथे बोट उतारावरून खाली येते तिथे समोर थोडा वेळ थांबा आणि दोन-तीन बोटी जाऊ द्या. मग बाहेर पडणाऱ्यांकडे नीट बघा. कुणाचे खांदे आणि केस भिजलेत, कुणाच्या फक्त मांड्या आणि मागची बाजू? खांदे भिजलेले असले तर ते लाटेचं पाणी. ते कुठल्या रांगेत आणि कुठल्या बाजूला जास्त येतं हे चार बोटी बघितल्या की कळतं. फक्त मागची बाजू ओली असेल तर ते आधीच्या फेरीत सीटवर साचलेलं पाणी असतं, आणि त्यावर उपाय अगदी सोपा आहे: बसण्याआधी हाताने किंवा रुमालाने सीट निपटून घ्यायची. बोट जितकी भरलेली तितकी ती खोल बसते आणि पाणी तितकं जास्त उसळतं, हेही लक्षात ठेवा. कमी भिजायचं असेल तर अर्धी रिकामी बोट मिळते का ते बघा. बंदुकांच्या राइडमध्ये मात्र हा हिशोब करूच नका, तिथे सगळेच चिंब होतात.

आता कपडे. उन्हाळा म्हणजे सुती, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे आणि एरवी ते बरोबरच आहे. पाण्याच्या राइडच्या दिवशी तेवढं बाजूला ठेवा. कापसाचा धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो. साध्या हवेतही सुती कापडात त्याच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा असतो, पॉलिएस्टरमध्ये जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे खेळाचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट एकदा पिळला की मेच्या उन्हात अंगावरच वाळतो, आणि जीन्स संध्याकाळी पार्क बंद होईपर्यंत ओलीच राहते. जीन्स कुणीच घालू नका. त्या दिवशीचा सगळ्यात वाईट कपडा तोच. पांढरा आणि फिका रंगही टाळा, ओला झाला की पारदर्शक होतो आणि मग दिवसभर बॅग पोटाशी धरून फिरावं लागतं. ओढणी घरीच राहू द्या. भिजण्यापेक्षाही ती कुठे अडकण्याचा धोका मोठा.

सासूबाई साडी नेसणार असतील तर सिंथेटिक साडी लवकर वाळते, पण आतला परकर सुती असतो. साडी कोरडी दिसते, आणि नेफ्याशी, जिथे नाडी आणि निऱ्यांचे पदर एकावर एक येतात तिथे, रात्रीपर्यंत गार ओल टिकून राहते. कंबर भरून येते ती त्यानेच. त्यांना पंजाबी ड्रेस चालत असेल तर उत्तम, नाहीतर जादा परकर बरोबर ठेवा. आणि एक विनंती: ‘आई बसतील बाकावर बॅगा सांभाळत’ असं परस्पर ठरवून टाकू नका. त्यांना विचारा. हृदयाचा, पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर बोटीत नकोच, आणि राइडच्या तोंडाशी लावलेली पाटी सगळ्यांनीच वाचायची. पण तब्येत ठणठणीत असेल तर त्यांनाही ती लाट अंगावर घ्यावीशी वाटत असेल.

थंडी का वाजते हे समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने १ ग्रॅमच काय, ५८० ग्रॅम पाण्याचं तापमान १ अंशाने वाढलं असतं. पिळलेल्या सुती टी-शर्टातही सहज शंभर-दीडशे ग्रॅम पाणी उरतं, आणि ते वाळताना लागणारी उष्णता काही उन्हातून, काही हवेतून आणि उरलेली आपल्या अंगातून जाते. उघड्यावर ऊन आपल्या बाजूने असतं. एसीत ऊन नाही, वर कोरड्या हवेचा झोत, म्हणजे सगळा भार शरीरावर. लहान मुलाचं वजन कमी आणि वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून त्याच खोलीत तुम्हाला नुसतं गार वाटतं आणि मुलगी कुडकुडायला लागते. नुसत्या भिजण्याने सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. पण कुडकुडणं खरं असतं आणि त्याने मूल चिडचिडं होतं, जेवत नाही, ‘घरी चला’ म्हणतं.

म्हणून दिवसाचा क्रम ठरवताना मी एकाच गोष्टीकडे बघते: पाण्याच्या राइडनंतर निदान तासभर एसीत जायचं नाही. इमॅजिकात बंद, अंधाऱ्या, थंड हॉलमधल्या राइड बऱ्याच आहेत. मिस्टर इंडिया, डीप स्पेस, सलीमगड, सगळ्या तशाच. त्या सकाळी उरकून घ्या. जेवणही आधी करा, पण हलकं. मग दुपारी, ऊन डोक्यावर असताना पाण्याची राइड, आणि तिथून सरळ उघड्यावरच्या राइड. मोठ्या माणसांपैकी कुणाला नायट्रोसारख्या कोस्टरला बसायचं असेल तर तीच वेळ, वाऱ्याने कपडे झटक्यात वाळतात. दुपारी पाण्याच्या राइडची रांग लांब असते हे मान्य, तरी सकाळी पहिल्यांदा भिजून मग एसी हॉलमध्ये शिरण्यापेक्षा ती रांग परवडली. ती राइड त्या दिवशी चालू आहे ना, हे मात्र आत शिरल्या शिरल्या विचारून ठेवा. पावसाळ्यात गेलात तर हा सगळा क्रम निरुपयोगी. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे, जुलैत तिथे काहीच वाळत नाही. तेव्हा पाण्याची राइड अगदी शेवटी आणि मग कपडे बदलून थेट घर.

बदलायचे कपडे किती न्यायचे, यावर माझं मत ठाम आहे. जागा एकाच जोडाची असेल तर तो आतल्या कपड्यांचा असू द्या. वरचा शर्ट अंगावर वाळतो. आतले कपडे वाळत नाहीत, आणि त्यांनीच मांड्या घासतात, लाल होतात, दोन दिवसांनी खाज सुटते. गजकर्णाची सुरुवात बहुतेकदा अशीच होते. मी मुलांच्या पालकांना सांगते, एका प्लास्टिकच्या पिशवीत आतल्या कपड्यांचा एक जोड, एक हाफ पँट आणि एक पंचा. टर्किश टॉवेल नको. तो जड असतो आणि एकदा ओला झाला की दिवसभर ओझं. पंचा झटकून फांदीवर किंवा बॅगेवर टाकला की अर्ध्या तासात पुन्हा कोरडा. ओला टी-शर्ट पंच्यावर पसरायचा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळीवर गुडघा देऊन दाबायचं. नुसत्या हाताने पिळून निघणार नाही इतकं पाणी पंच्यात उतरतं. मुलीला मात्र ओला शर्ट घालून ठेवू नका. तो काढून, अंग पुसून कोरडा पंचा खांद्यावरून गुंडाळला तरी ती पाच मिनिटांत उबेला येते. मांड्या घासण्याचा त्रास असणाऱ्यांनी सकाळीच जांघेत व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून निघावं.

मोठ्या मुलींच्या सहलीत मी आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, इथेही सांगते. पाळी चालू असेल तर पॅड पाणी शोषून फुगतं आणि मग काही उपयोगाचं राहत नाही. मेन्स्ट्रुअल कप वापरायची सवय असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर राइडनंतर लगेच बदलता येईल असं बघा, किंवा ती एक राइड सोडा. याबद्दल संकोच करायचं काहीच कारण नाही.

पाय विसरू नका. बूट-मोजे घालून गेलात आणि ते भिजले, तर त्या पायांनी दिवसभर चालायचं असतं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, भेगाळते. पावसाळ्यात होतात तशा चिखल्या मे महिन्यात होतात. मागे पट्टा असलेले फ्लोटर्स सगळ्यात चांगले. साधी स्लिपर बोटीत पायातून निसटते. अनवाणी चालायचं तर मे महिन्यातली फरशी आणि डांबर विसरू नका, तळवे भाजतात. बूटच असतील तर मोजे काढून खिशात टाका, बूट तेवढे घाला, आणि बाहेर आल्यावर पाय पुसून कोरडे मोजे चढवा.

फोन, पाकीट, रिमोटची गाडीची किल्ली, सासूबाईंचं श्रवणयंत्र असेल तर तेही, राइडला न बसणाऱ्याकडे किंवा लॉकरमध्ये. फोन वॉटरप्रूफ आहे म्हणून खिशात ठेवू नका. आयपी ६८ वगैरे, म्हणजे आत पाणी-धूळ शिरत नाही ना याची चाचणी, नव्या फोनची आणि साध्या पाण्यात होते. राइडचं पाणी औषध टाकलेलं असतं आणि आपला फोन दोन-तीनदा पडलेला असतो. भिजलाच तर लगेच चार्जिंगला लावू नका. पिन लावायची जागा खाली करून हळूच आपटा आणि वाऱ्यावर ठेवा. तांदळात घालू नका, त्याचे बारीक कण आत जातात. अ‍ॅपलनेही आपल्या ग्राहकांना हेच सांगितलंय. चष्म्याला दोरी लावा.

प्लास्टिकच्या रेनकोटबद्दलही विचारलंय. वरून येणाऱ्या लाटेला तो चालतो, सीटवरच्या पाण्याला नाही, आणि आत घामानेच निम्मं भिजायला होतं. सासूबाईंना केस कोरडे ठेवायचे असतील तर जरूर घाला, बाकीच्यांनी नाही घातला तरी चालेल. सैल, फडफडणारा रेनकोट काही राइडवर चालत नाही, तिथल्या माणसाला आधी विचारा.

मुलांकडे अमेरिकेला जाणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑरलँडोला डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये काली रिव्हर रॅपिड्स आहे. तिथला तराफा गोल असतो आणि वाटेत फिरत राहतो, त्यामुळे कोण भिजणार हे बाहेरून बघून कळत नाही. शेवटच्या पुलावर उभे असलेले लोक बटण दाबून हत्तींच्या सोंडेतून तुमच्यावर पाणी सोडतात, ते वेगळंच. जवळच लॉकर आहेत. उन्हाळ्यात तिथे दुपारी पाऊसही येतो आणि दुकानांत एसी कडक असतो, म्हणून बॅगेत एक कोरडा पातळ स्वेटर असू द्या.

परतीच्या गाडीत एसी लावण्याआधी मुलीचं सगळं ओलं काढून कोरडं घाला, केस पुसा. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून रात्रभर ठेवू नका, कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. कितीही दमून आलात तरी साध्या पाण्यातून काढून दोरीवर टाका. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्याआधी एकदा बदला, सकाळपर्यंत बूट वापरण्याजोगे होतात.