सेवानोंद दुरुस्ती आणि फ्लाइंग भत्ता : वाचकांचे प्रश्न

सिंधुदुर्गापासून रायगडापर्यंतच्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रे या वेळी आली. बहुतेकांचा पैसा अडकलाय तो सेवानोंदीत राहून गेलेल्या एखाद्या ओळीमुळे. त्यांतली पाच पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : मी नौदलात एअरक्रू डायव्हर (हेलिकॉप्टरमधून पाण्यात उतरणारा) होतो. ऑगस्ट २०१८ ते सप्टेंबर २०१९ या चौदा महिन्यांत एका जहाजावरच्या चेतक हेलिकॉप्टरच्या फ्लाइटबरोबर (छोट्या तुकडीबरोबर) होतो आणि नियमित उडत होतो. या काळाचा फ्लाइंग भत्ता मिळालाच नाही. २०२२ ला निवृत्त झालो. त्यानंतर पेन्शनचं काम पाहणाऱ्या कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. दर वेळी ‘नोंदीत आधार नाही’ एवढंच उत्तर आलं. उड्डाणांच्या नोंदीचं लॉगबुक माझ्याकडे आहे. आता काय करू?
— निवृत्त नौसैनिक, देवगड तालुका

उत्तर : तुमची तिन्ही पत्रे पैसे मागणारी आहेत, आणि ती गेली आहेत पेन्शनच्या टेबलावर. भत्ता हा नोकरीतल्या पगाराचा भाग. पेन्शनचं काम पाहणाऱ्याला त्यात हात घालता येत नाही. आधी नोंद दुरुस्त करून घ्या. नोंद झाली की थकबाकी मागता येते, आणि ती नसेल तर कितीही पत्रे लिहिली तरी उत्तर हेच येणार.

नोंद कशी चालते ते बघा. युनिटमध्ये कोर्स, बदली, नेमणूक, मेडिकल असं काहीही घडलं की युनिट जेनफॉर्म, म्हणजे ते कळवणारा कागद, काढतं. त्यावरून मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये (नौसैनिकांच्या रेकॉर्ड ऑफिसात) तुमच्या सेवापत्रकात नोंद चढते आणि पे ऑफिसमध्ये तुमच्या आयआरएलए (पगाराच्या वैयक्तिक) खात्यात भत्ता सुरू किंवा बंद होतो. लष्करात हेच काम पार्ट टू ऑर्डर करते, हवाई दलात पीओआर. पे ऑफिस लॉगबुक बघून पैसे देत नाही. ते फक्त जेनफॉर्म ओळखतं.

भत्ता पदरात पडायला प्रत्येक महिन्यासाठी चार गोष्टी कागदावर जुळाव्या लागतात : एअरक्रूची पात्रता चालू असणं, उड्डाणाच्या जागेवर तारखेसह नेमणूक, उड्डाणासाठी मेडिकल फिटनेस, आणि प्रत्यक्ष उड्डाण. तुमच्या पत्रावरून आम्हाला संशय येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. फ्लाइट जहाजावर चढली की हेलिकॉप्टर आणि माणसं मूळ स्क्वॉड्रनचीच (किनाऱ्यावरच्या हवाई तुकडीचीच) राहतात, पण जेवण, राहणं, रजा सगळं जहाजाच्या खात्यावर जातं. जहाजाने ‘रुजू झाला’ असा जेनफॉर्म काढला आणि त्यात फ्लाइटचा उल्लेखच केला नाही, की कागदावर तुम्ही साधे जहाजावरचे नौसैनिक होता. स्क्वॉड्रनला वाटतं जहाजाने कळवलं असेल, जहाजाला वाटतं स्क्वॉड्रनने. संशय खरा की खोटा हे मात्र कागद हातात आल्यावरच ठरेल.

म्हणून पहिलं पाऊल माहितीच्या अधिकाराचं. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘मला भत्ता का मिळाला नाही’ असं विचारू नका. कारणं विचारली की गोल उत्तर येतं. कागद मागा : माझ्या सेवापत्रकाची प्रत, जुलै २०१८ ते ऑक्टोबर २०१९ या काळात माझ्या नावे निघालेले सर्व जेनफॉर्म, त्याच महिन्यांचं आयआरएलए विवरण, आणि त्या काळातल्या मेडिकल नोंदी. पुढचा-मागचा एकेक महिना मुद्दाम घेतलाय, कारण चूक बहुतेकदा सांध्यावर असते. सर्व्हिस नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहा. एक कागद दुसऱ्या कार्यालयात असेल तर अर्ज तिकडे वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

तोवर लॉगबुकाकडे वळा. प्रत्येक ओळीत तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर, पायलटचं नाव, तुमची ड्यूटी, दिवसाचे आणि रात्रीचे तास असतात. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि त्याखाली सही. दाव्याला खरा जोर येतो तो त्या सहीने. चौदाही महिन्यांच्या बेरजांखाली सही आहे का ते आजच बघून घ्या. एखाद्या महिन्याखाली नसेल तर त्या महिन्यासाठी फ्लाइटच्या ऑथोरायझेशन बुकाची (उड्डाणाच्या परवानगीच्या पुस्तकाची) नोंद लागेल. ती पुस्तकं कायम ठेवत नाहीत, तेव्हा स्क्वॉड्रनकडे तिची मागणी आधी करा. त्या वेळच्या पायलटचं प्रतिज्ञापत्र जोडायला हरकत नाही, पण ते आधाराला. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर नोंद बदलल्याचं सहसा दिसत नाही.

मग एका कागदावर तक्ता करा. महिना, नेमणूक, उड्डाणाचे तास, मेडिकल श्रेणी, लॉगबुकाचं पान, देय भत्ता, मिळालेला भत्ता. मध्ये कुठे मेडिकल खाली आलं असेल किंवा महिनाभर उड्डाण झालं नसेल, तर तो महिना स्वतःहून वेगळा दाखवा. तो लपवला आणि तपासणीत सापडला की बाकीच्या तेरा महिन्यांवरही शंका येते. दर त्या त्या काळाचा लागतो, आजचा नाही. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून वेतनाच्या लेव्हल ८ पर्यंतच्यांना महिना १७,३०० रुपये आणि लेव्हल ९ पासून वर २५,००० रुपये असा हा भत्ता ठरला. १७,३०० च्या दराने तुमचे चौदाही महिने पात्र धरले तर रक्कम २,४२,२०० रुपये होते.

अर्ज एकाच पानाचा, इंग्रजीत किंवा हिंदीत, ब्युरो ऑफ सेलर्सच्या नावे. प्रत मूळ स्क्वॉड्रनला आणि पे ऑफिसला. मागणीची ओळ स्पष्ट हवी : ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी फ्लाइटमध्ये उड्डाणाच्या जागेवर होतो याचा जेनफॉर्म मागील तारखेच्या प्रभावाने काढावा, सेवापत्रक दुरुस्त करावं, आणि त्यानुसार थकबाकी द्यावी.’ क्रम हाच ठेवा. मूळ लॉगबुक पाठवू नका. साक्षांकित प्रती लावा, मूळ दाखवायला तयार असल्याचं लिहा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. हा दावा इतका जुना आहे की पे ऑफिसला वरची खास मंजुरी लागेल. म्हणून उशिराचं कारण अर्जातच दोन वाक्यांत द्या.

आता मुदतीचं, कारण बरेच खरे दावे इथेच बुडतात. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यात भत्त्यांचे वाद येतात, आणि महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. अर्ज करून सहा महिने उत्तरच आलं नाही तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत. उशीर माफ करण्याची सोय कलम २२ मध्ये आहे, पण कारण पटायला हवं. ‘मी पत्रं लिहीत राहिलो’ हे कारण सर्वोच्च न्यायालय मानत नाही. नव्या पत्राने जुनी मुदत पुन्हा सुरू होत नाही. २००८ च्या तरसेम सिंग निकालाचा आधार घेऊन तीन वर्षांची थकबाकी तरी मिळेलच असं काही जण सांगतात. तो निकाल पेन्शनसारख्या दरमहा चालू राहणाऱ्या नुकसानीबद्दल आहे. तुमचा भत्ता २०१९ मध्येच संपला, तेव्हा त्या भरवशावर बसू नका. आलेली तिन्ही उत्तरे घेऊन आताच वकिलाला भेटा आणि पहिल्या उत्तराची तारीख त्यांना आधी दाखवा. नोंददुरुस्तीचा अर्ज आणि वकिलाचा सल्ला बरोबरीने चालू द्या.

प्रश्न : राहून गेलेल्या फ्लाइंग भत्त्याची नोंद दुरुस्त झाली तर माझी पेन्शनही वाढेल ना?
— माजी सैनिक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांची पेन्शन मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे, लागू असेल तर एक्स ग्रुप पे (तांत्रिक ट्रेडचा जादा पगार) आणि क्लासिफिकेशन भत्ता यांवर धरतात. फ्लाइंग भत्ता त्यात येत नाही. मात्र दुरुस्तीने तुमचा ग्रुप, हुद्दा किंवा सेवेचा कालावधी बदलत असेल तर पेन्शन नक्की बदलते. तसं असेल तर सुधारित पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) मागणी त्याच अर्जात घाला. थकबाकी एकरकमी आली की त्या वर्षाचा कर फुगतो. ज्या वर्षांचे ते पैसे त्या वर्षांत वाटून कर मोजण्याची सवलत असते. तिचा फॉर्म विवरणपत्राच्या आधी भरायचा, नाहीतर सवलत नाकारली जाते.

प्रश्न : मुलगा हवाई दलात फ्लाइट इंजिनिअर आहे. त्याच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून आत्ताच काय करावं?
— एक वडील, महाड तालुका

उत्तर : प्रत्येक बदलीनंतरच्या पहिल्या दोन पगारपत्रकांत भत्त्याची ओळ आहे की नाही हे त्याने बघावं. नसेल तर त्याच आठवड्यात ऑर्डर्ली रूममध्ये (युनिटच्या कार्यालयात) जाऊन पीओआरचा नंबर आणि तारीख मागावी. नंबर सांगता येत नसेल तर पीओआर निघालेला नाही असं समजावं. युनिटमध्ये असताना जे काम एका सहीत होतं, त्यालाच युनिट सोडल्यावर वर्षं लागतात. लेखी विनंतीला दाद नाही मिळाली तर हवाई दल कायदा १९५० च्या कलम २६ खाली रीतसर तक्रार करता येते. लष्करात तेच कलम २६ लष्कर कायद्याचं, नौदलात १९५७ च्या कायद्याचं कलम २३. वरिष्ठ नाराज होतील या भीतीने मुलं गप्प बसतात. आमचं मत आहे की नम्र भाषेत, तारखांसह केलेल्या मागणीने कुणाचं नुकसान होत नाही. लॉगबुकाच्या महिन्याच्या सह्या त्या त्या महिन्यातच घ्यायच्या, हेही त्याला सांगा.

प्रश्न : माझे यजमान गेले. त्यांची उड्डाणाची थकबाकी मंजूर झाली होती, पण माझ्या नावामुळे अडली आहे. माझं माहेरचं नाव सुशीला, लग्नात सुनंदा ठेवलं. सेवानोंदीत सुशीला आहे, आधार आणि बँकेत सुनंदा. यजमानांच्या नोंदीत आडनावच नाही, फक्त त्यांचं आणि वडलांचं नाव आहे.
— गुहागर तालुका

उत्तर : ताई, आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत आहे आणि जुन्या भरतीत आडनाव सोडून देण्याचीही होती. त्यामुळे ही अडचण कोकणात घरोघरी आहे आणि ती सुटते. दोन्ही नावांची स्वतंत्र दुरुस्ती करायची, एकाच कागदात दोन्ही कोंबायची नाहीत.

तुमच्या नावासाठी : प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र, की सुशीला (वडलांचं नाव, माहेरचं गाव) आणि सुनंदा (पतीचं नाव, सर्व्हिस नंबर) ही एकच व्यक्ती आहे. सोबत माहेरचा शाळेचा दाखला, लग्नाची नोंद असल्यास ग्रामपंचायतीचा उतारा, आधार, पॅन, आणि एका मराठी व एका इंग्रजी वर्तमानपत्रातली जाहिरात. जाहिरातीचं पूर्ण पान ठेवा. नुसतं कात्रण लावलं तर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसत नाही आणि कागद परत येतो. यजमानांच्या आडनावासाठी त्यांचा शाळेचा दाखला, सातबारा किंवा आठ-अ आणि मृत्यूदाखला एकत्र लावून तसंच वेगळं प्रतिज्ञापत्र करा. मृत्यूदाखल्यावर आडनाव कसं लिहिलंय ते आधी बघा. तिथे तिसरंच स्पेलिंग असेल तर तो दाखला पहिल्यांदा दुरुस्त करून घ्या.

सगळा संच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. त्यांचं पडताळणीचं पत्र वर असलं की रेकॉर्ड ऑफिस पटकन हलतं. यजमान मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे असतील तर सागरला, नौदलाचे असतील तर मानखुर्दला. हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. नोंद बदलली की तीच दुरुस्ती स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरच्या माहितीतही झाली का हे गावच्या सीएससी केंद्रात बघून घ्या. तिथे जुनं नाव राहिलं तर पुढे फॅमिली पेन्शनही अडेल.

प्रश्न : २०२१ च्या चिपळूणच्या पुरात माझं डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका) गेलं. लॉगबुक मिळालं, पण पानं चिकटली आहेत आणि शाई पसरली आहे. मी ते नव्या वहीत उतरवून काढलं तर चालेल का?
— माजी सैनिक, चिपळूण

उत्तर : उतरवू नका. नव्या वहीतल्या नोंदीला पुरावा म्हणून किंमत नाही, आणि पुसट आकडे गिरवले तर खरं लॉगबुकही संशयास्पद ठरतं. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. पान सुटेल तिथे मध्ये टीपकागद घाला, तो दिवसाआड बदला, वही पंख्याखाली सावलीत ठेवा. उन्हात कागद आकसतो आणि शाई उडते. लॅमिनेशन तर मुळीच नको. पानं सुटली की प्रत्येकाचं ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. रंगीत स्कॅनमध्ये पसरलेल्या निळ्या शाईखालचा आकडा बरेचदा वाचता येतो, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये नाही. पावसाळ्यात वही सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा.

डिस्चार्ज बुकाची दुसरी प्रत निघत नाही. त्याऐवजी सेवेचं प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस लागते. तुमच्याकडे आणखी एक भक्कम कागद असणार : जुलै २०२१ च्या पुरानंतर तलाठ्याने केलेला पंचनामा. त्याची प्रत तहसील कार्यालयातून काढा आणि प्रत्येक अर्जाला लावा. उशीर का झाला याचं कारणही त्यातच येतं. अर्जाला आणखी वेळ घालवू नका. लष्करात पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद २५ वर्षांनी आणि पेन्शनधारकांचे ५० वर्षांनी नष्ट करतात, त्यानंतर फक्त लाँग रोल (सेवेची थोडक्यातली नोंद) उरतो. उड्डाणाचा महिनावार तपशील त्या लाँग रोलमध्ये सापडत नाही.