हाताने विणलेला स्वेटर आखूड झालाय, पूर्ण न उसवता लांबी वाढवता येईल का?

हो, येईल. स्वेटर खालून वर विणलेला आहे, 5 सेंमी कमी पडतोय आणि थोडी लोकर उरली आहे, असं तुम्ही लिहिलंय. फक्त खालच्या कडेचा धागा ओढून बघू नका. टाके घातलेल्या, म्हणजे विणायला सुरुवात केलेल्या, बाजूने वीण सरळ उसवत नाही, धागा टाक्याटाक्याला अडकतो. त्यामुळे बॉर्डर कापून वेगळी करायची आणि तिथून खाली विणत जायचं. (गळ्याकडून विणलेला असता तर बंद केलेली कड उघडून बॉर्डर उसवली की झालं असतं.)

आधी स्वेटर धुऊन सपाट वाळवा, मग मोजा. बऱ्याच लोकरी धुतल्यावर सैलावतात. त्याच वेळी 10 सेंमीत किती ओळी बसतात तेही मोजा. 28 असतील तर 5 सेंमीला 14 ओळी लागतील. साध्या विणीत एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट धागा जातो. म्हणजे 50 सेंमी रुंदीला दीड मीटर, 14 ओळींना 21 मीटर, पुढचा आणि मागचा भाग मिळून 42. उरलेली लोकर यापेक्षा बऱ्यापैकी जास्त हवी.

बाजूच्या शिवणी बॉर्डरच्या वर 4-5 सेंमीपर्यंत उसवा. बॉर्डरच्या वर दोन-तीन साध्या ओळी सोडून पुढची ओळ निवडा आणि तिच्यातल्या प्रत्येक टाक्याच्या (तो V सारखा दिसतो) उजव्या पायातून विणायची बारीक सुई ओवत जा. मधेच वरच्या-खालच्या ओळीत घसरलात तर पुढे भोक पडतं, म्हणून चांगल्या उजेडात बसा. सगळे टाके सुईवर आल्याची मोजून खात्री केल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. आता सुईच्या लगेच खालच्या ओळीतला मधला एकच टाका कापा आणि दोन्ही बाजूंनी धागा टाका-टाका सोडवत कडेपर्यंत जा. बॉर्डर सुटून हातात येते. मोहेरसारखी केसाळ लोकर इथे फार छळते, तिथे जोर लावू नका.

कडेला अर्धा फास राहतो. तोही उचला, नाहीतर एक टाका कमी भरतो. पहिल्या ओळीत पीळ पडलेले टाके सरळ करत विणा.

आता वीण उलट्या दिशेने जाते, त्यामुळे टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या विणीत ते कुणाला दिसत नाही, सुलट-उलट बॉर्डरीत मात्र रेघा तुटलेल्या दिसतात. म्हणून जुनी बॉर्डर परत जोडण्यापेक्षा नवी विणावी, असं माझं मत. बॉर्डरीला अंगाच्या सुईपेक्षा बारीक सुई घ्या (4 मिमीला 3.5) आणि टाके बंद करताना जाड सुई, नाहीतर कड आवळते.

जुन्या बॉर्डरची लोकर वापरायची तर लड करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून टांगून वाळवा. कुरळ्या धाग्याने टाके कमी-जास्त पडतात. रंगाची छटा जुळत नसेल तर जुनी लोकर साध्या भागात आणि नवी बॉर्डरीत घाला. तिथे वीणच बदलते, त्यामुळे फरक कमी जाणवतो.

लांबी कमी करायची असेल तरी रीत हीच, फक्त जितकी कमी करायची तितकं बॉर्डरच्या वर कापायचं.