ओल्डेनबर्गला निघण्याआधी पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्ड कर

तू विचारलंस, "ताई, रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक्स केलंय. कानाचं गणिती मॉडेल करून बोलणं ओळखायचं काम शिकायचंय. जर्मनीत येऊ का? बायॉलॉजी दहावीनंतर सुटलं."

ये. मालवण सोडलं तेव्हा मलाही कॉक्लियाचं, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीचं, फक्त चित्र माहीत होतं. सिग्नल प्रोसेसिंग मात्र पक्कं करून ये.

साधारण ३५ मिलिमीटर लांब, अडीच वेढ्यांची ती नळी. तिच्या आतला थरथरणारा पडदा, बेसिलर मेम्ब्रेन, नळीच्या तोंडाशी अरुंद नि ताठ, टोकाकडे रुंद नि सैल. म्हणून 'स' तोंडापाशीच विरतो आणि 'ऊ'ची लाट पार आत जाते. बेकेशी या शास्त्रज्ञानं ही लाट मृत माणसांच्या कानांत पाहिली, त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. जिवंत कान त्याहून कितीतरी नेमका असतो: त्या पडद्यावरच्या बाहेरच्या रांगांतल्या केसपेशी हळू आवाज उचलून धरतात, मोठ्याला तेवढा हात देत नाहीत. कानासारखे सूर वेगळे करणाऱ्या साध्या गॅमाटोन फिल्टरांत हे येत नाही, आणि माझ्या मते खरं काम इथूनच सुरू होतं. रिचर्ड लायनचं कॉक्लियाचं १९८२ चं मॉडेल स्वतः कोडमध्ये उतरव.

इथे जर्मनीत, ओल्डेनबर्गच्या विद्यापीठात 'हिअरिंग टेक्नॉलॉजी अँड ऑडिऑलॉजी' ही मास्टर्स इंग्रजीत आहे. शिकवणी फी नाही, सेमिस्टरची वर्गणी तेवढी. एपीएस प्रमाणपत्राच्या (आपली भारतातली कागदपत्रं तपासून मिळतं ते) मागे आधी लाग. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं खातं) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात; घरच्यांशी हा आकडा आजच बोल, आंब्याच्या हंगामावर सोडू नकोस. पीएचडी इथे बहुतेकदा पगारी असते.

एक गोष्ट माझी चुकली, ती तू करू नकोस. पडवीतला आईचा आवाज मी रेकॉर्ड करून आणला होता, "जेवलंस काय गो?", वर पत्र्यावर कोसळणारा आषाढ. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या सुरांच्या चित्रात, 'स' पावसात पार बुडालेला. कानाच्या मॉडेलच्या खालच्या सुरांच्या चॅनेलांत मात्र आईच्या स्वराचे ठोके एका ओळीत दिसले. पावसाला तशी लय नसते. ते पाहून मी रडले. पण मॉडेलनं पावसातून आवाज किती सोडवला हे मोजताच येईना, कारण पावसावेगळा आवाज माझ्याकडे नव्हताच.

तू दोन्ही वेगळे घे. तुझ्या आजीला पाऊस थांबल्यावर, खिडक्या लावून बोलायला सांग. पाऊस नुसता, निदान दहा मिनिटं. मिसळायचं काम लॅपटॉपवर कर.