वाचकांचे प्रश्न : स्पर्धा गाण्याची, तयारी गाजावाजाची

प्रश्न : माझी नात बारा वर्षांची असून मिरजेला गुरुजींकडे ख्याल शिकते. एका वाहिनीच्या गायन स्पर्धेच्या दोन निवड फेऱ्या तिने पार केल्या आहेत. गेल्या आठवड्यात वाहिनीची मंडळी सांगलीला आली आणि त्यांनी नातीला तिच्या आजोबांच्या अडत दुकानात, सौद्यासाठी ओतलेल्या हळदीच्या ढिगापुढे बसवून गायला लावले. हळदीच्या धुरळ्याने तिला ठसका लागला, म्हणून तेच कडवे तीनदा घेतले. मुळात ती त्या दुकानात यापूर्वी दोनदाच गेली असेल. तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खाते उघडा आणि रोज एक रील टाका, असेही ते सांगून गेले. गाण्याच्या स्पर्धेत याचे काम काय?
— एक आजी, सांगली

उत्तर : हळदीच्या ढिगापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर त्या ढिगातच आहे. वाहिनीला गाणे हवेच असते. परंतु गोड गळ्याची मुले पुष्कळ येतात, आणि अंगठ्याने सरकवत नेल्या जाणाऱ्या मोबाइलच्या पडद्यावर एक चांगला आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढणे बहुतेकांना जमत नाही. पिवळ्याधमक ढिगापुढे बसलेली मुलगी मात्र आवाज बंद असतानाही ओळखू येते, आणि ती सांगलीची आहे हेही न सांगता कळते. तुमच्या नातीला दुकानात नेले ते तिच्यासाठी नव्हे, सांगलीकरांसाठी. ‘आपल्या हळदीच्या पेठेतली पोर’ म्हणून ती चित्रफीत जेव्हा गल्लीच्या, शाळेच्या, मंडळाच्या आणि पुण्या-मुंबईत गेलेल्या सांगलीकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागते, तेव्हा वाहिनीच्या जाहिरातीचे वाटप आपणच, तेही फुकट, करत असतो.

गावाचा अभिमान कामाला लावण्याची ही रीत समाजमाध्यमांच्याही आधीची आहे. ‘इंडियन आयडॉल’ २००४ मध्ये सुरू झाले तेव्हा मते एसएमएसने आणि फोनने जात असत. २००७ च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत पोहोचले, तेव्हा त्या डोंगराळ भागांत लोकांनी वर्गणी काढून मते पाठवली होती. आपल्याकडेही ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या वेळी, म्हणजे २००८-०९ मध्ये, घरोघरी आपापल्या आवडत्या मुलासाठी एसएमएस चालले होते. फरक इतकाच, की एसएमएस एकाकडून वाहिनीकडे जाई आणि तिथेच संपे. चित्रफीत एकाकडून शंभरांकडे जाते.

त्या चित्रफितीची कापणी पाहण्यासारखी असते. भाग आधीच चित्रित झालेला असतो. त्यातला परीक्षकांचे डोळे विस्फारण्याचा किंवा पाणावण्याचा क्षण वेगळा काढून तो प्रक्षेपणाच्या आधी पसरवतात, आणि निकालाच्या उंबरठ्यावर नेमका तोडतात, जेणेकरून उरलेले पाहायला माणूस टीव्हीसमोर बसावा. प्रक्षेपण झाले की पूर्ण गाणे यूट्यूबवर येते. ब्रिटनमधल्या एका स्पर्धेत एप्रिल २००९ मध्ये गायलेल्या सुझन बॉइल यांची चित्रफीत जगभर गेली, ती केवळ आवाजामुळे नव्हे. त्या गायला लागण्यापूर्वीचे प्रेक्षकांचे कुत्सित चेहरे संकलकाने त्यात ठेवले होते, आणि गाण्याइतकाच त्या चेहऱ्यांचा पालट लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. त्या स्पर्धेत बॉइल जिंकल्या नाहीत, त्यांचा दुसरा क्रमांक आला. आज विजेत्या चमूचे नाव आपल्याकडे कितीजण सांगू शकतील?

वादही असेच उपयोगी पडतात. मे २०२१ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या किशोर कुमार विशेष भागानंतर किशोर कुमारांचे पुत्र अमित कुमार यांनी ‘सर्वांची स्तुती करायला आपल्याला सांगितले होते’ असे म्हटले आणि कित्येक दिवस लोक बाजू घेऊन भांडत राहिले. तो वाद मुद्दाम घडवला असे मी म्हणत नाही. पण कोणत्याही बाजूने बोला, नाव कार्यक्रमाचेच घेतले जात होते. टीव्हीचा टीआरपी नमुन्यादाखल निवडलेल्या घरांतल्या मीटरवरून निघतो आणि मोबाइलवर पाहिलेली चित्रफीत त्यात धरली जात नाही. तरीही प्रायोजकासमोर मांडायला चित्रफीत किती वेळा पाहिली गेली, हे दुसरे आकडे वाहिनीला हवे असतात, आणि रोजच्या रीलचा हट्ट तिथून येतो.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. तेरा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम स्वतःचे खाते देत नाही. उघडायचेच तर ते आई किंवा वडिलांनी चालवावे आणि खात्यावर तसे स्पष्ट लिहावे. बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांप्रमाणे चौदा वर्षांखालील कलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. शिवाय मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. करारावर सही करण्यापूर्वी रीलचे चित्रीकरण या तासांत धरले आहे का, हे लेखी विचारा. आणि धुरळ्यात पुन्हा बसवू लागले, तर सरळ नाही म्हणा. गळा वाहिनीचा नाही.

प्रश्न : आमच्या आवडत्या गायकाच्या प्रत्येक व्हिडिओखाली ‘हाच जिंकणार’ असे हजारो लोकांनी लिहिले होते, तरी तो सहावा आला. मते खरोखर मोजतात का?
— एक वाचक, कराड

उत्तर : प्रतिसाद लिहायला दोन सेकंद पुरतात. मतासाठी ॲप उतरवून घ्यावे लागते, खाते उघडावे लागते आणि ठरलेल्या वेळेतच मत द्यावे लागते. शिवाय प्रतिसाद देणाऱ्यांत परदेशातले, मतदान संपल्यावर व्हिडिओ पाहणारे आणि एकटाच पन्नास वेळा लिहिणारा, असे सगळे मिसळलेले असतात. काही स्पर्धांत परीक्षकांचे गुणही धरतात. मतांचे पूर्ण आकडे वाहिन्या सहसा जाहीर करत नाहीत, ही तुमची तक्रार असेल तर ती रास्त आहे. मात्र आधी तुमच्या गटातल्या किती जणांनी ॲपवर जाऊन मत दिले होते, ते विचारून पाहा.