हानयांग, ग्यंगसंग, सोल: एकाच शहराची नावं

प्रश्न असा आहे: 'कोरियन ऐतिहासिक मालिकांमध्ये राजधानीला हानयांग म्हणतात. मालिका जपानी अमलाच्या काळातली असली की तेच शहर ग्यंगसंग होतं. आज ते सोल आहे. बॉम्बेचं मुंबई झालं तसंच हे नामांतर का? आणि मराठीत लिहायचं काय, सोल, सेऊल की सियोल?'

दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे.

हानयांग आणि ग्यंगसंग ही दप्तरातली नावं. चिनी अक्षरांत लिहिता येतील अशी, शिक्क्यावर आणि नकाशावर शोभतील अशी. 'सोल' मात्र अस्सल कोरियन बोलीतला शब्द आहे आणि मुळात ते विशेषनामच नाही. त्याचा अर्थ 'राजधानी'. कोरियन भाषेच्या प्रमाण शब्दकोशात आजही या शब्दाखाली 'देशाचं मध्यवर्ती सरकार जिथे असतं ते ठिकाण' असा सामान्यनामाचा अर्थ दिलेला असतो. जुन्या वळणाचा कोरियन माणूस 'इंग्लंडचं सोल लंडन' असं म्हणू शकतो आणि त्यात व्याकरणाची काही चूक नसते. आपल्याकडे 'नगरला जाऊन येतो' म्हटलं की कुठलं नगर असं कोणी विचारत नाही, तसंच काहीसं तिथे झालं. इतर गावांना नावं होती, राजधानीला नुसतं 'राजधानी' म्हटलं की पुरत होतं.

हा शब्द आला कुठून? सर्वांत जास्त मान्य असलेली व्युत्पत्ती अशी: शिल्ला राज्याची राजधानी, म्हणजे आग्नेयेकडचं आजचं ग्यंगजू शहर, हिला 'सराबल' किंवा 'सबल' म्हणत. राज्य मोठं झालं, द्वीपकल्पाचा बराचसा भाग त्याच्या छत्राखाली आला आणि त्या एका शहराचं नाव राजधानी या अर्थानेच वापरलं जाऊ लागलं. पुढे राजवट गेली, राजधानी हलली, शब्द मात्र नव्या राजधानीला चिकटला. हंगुल ही कोरियन भाषेची स्वतःची लिपी १४४६मध्ये जाहीर झाली आणि तिच्यात रचलेल्या पहिल्या काव्यात, १४४७मध्ये, हा शब्द साधारण 'श्यवुल' असा दिसतो. मधल्या 'ब'चा 'व' झाला आणि पुढे तोही विरला. दोन स्वरांमधला ओष्ठ्य वर्ण असा सैल पडणं आपल्याला परकं नाही: 'दीप'चा 'दिवा' आणि 'कपाट'चं 'कवाड' याच वाटेने झालं. कोरियन भाषा त्या वाटेवर एक पाऊल पुढे गेली, एवढंच.

म्हणजे गंमत पाहा, आजच्या सोलला मिळालेलं नाव मूळचं दुसऱ्याच शहराचं आहे.

आता दप्तरी नावं. या शहराचा राजधानी म्हणून पहिला मान बेक्जे राज्याच्या काळातला. परंपरेनुसार इ.स.पू. १८मध्ये या राज्याची स्थापना झाली आणि राजधानीचं नाव होतं विरयेसंग. 'संग' म्हणजे तटबंदी, कोट, तटबंदीचं शहर. इ.स. ४७५मध्ये उत्तरेच्या गोगुर्यो राज्याने हे शहर जिंकलं आणि बेक्जेचा दरबार दक्षिणेकडे पळाला. विरयेसंग नेमकं कुठे होतं यावर बराच काळ वाद होता. १९२५च्या महापुरात हान नदीच्या दक्षिण काठावर पुंगनाप इथे मातीच्या तटाजवळ जुन्या वस्तू उघड्या पडल्या, आणि १९९७मध्ये तिथेच इमारतींचे पाये खणताना बेक्जेकालीन वस्तीचे थर सापडले. आज बहुतेक अभ्यासक त्याच जागेकडे बोट दाखवतात.

'हानयांग' हे नाव शिल्लाच्या काळातलं, आठव्या शतकाच्या मध्यातलं. 'हान' ही नदी. 'यांग' म्हणजे यिन-यांगमधलाच यांग, उजेडाची बाजू. चिनी स्थलनामांच्या जुन्या संकेतानुसार डोंगराची दक्षिण बाजू आणि नदीची उत्तर बाजू ही उजेडाची. म्हणून हानयांग म्हणजे हान नदीच्या उत्तर काठचं गाव. पाठीशी बुगाकसान डोंगर आणि समोर नदी, अशी जुन्या शहराची जागा या नावात चोख बसते. त्या हिशेबाने हल्ली जगभर ठाऊक झालेलं गांगनम हानयांगमध्ये बसतच नाही, कारण 'गांगनम' याचा अर्थच 'नदीच्या दक्षिणेचं'. तो भाग शहराच्या हद्दीत आला १९६३मध्ये, आणि तेव्हा तिथे शेतं होती. पण सर्वांत जुनी राजधानी सापडली ती नेमकी दक्षिण काठावरच. शहर दीड हजार वर्षं नदी ओलांडून राहिलं आणि मग परत गेलं.

गोर्यो राजवटीत, १०६७मध्ये, या जागेला 'नामग्यंग' असा दर्जा मिळाला: दक्षिणेची राजधानी. मुख्य राजधानी तेव्हा उत्तरेला गेग्यंग, आजचं केसंग, इथे होती. या 'ग्यंग'कडे जरा थांबून पाहा. बीजिंगमधला 'जिंग' आणि तोक्योमधला 'क्यो' ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याच अक्षराचा हा कोरियन उच्चार. नामग्यंग आणि चीनचं नानजिंग ही तर लिहिताना अक्षरशः एकच नावं.

१३९२मध्ये सेनापती यी संग-ग्येने गोर्यो राजवट उलथून जोसन घराण्याची स्थापना केली. १३९४मध्ये त्याने राजधानी हानयांगला आणली आणि पुढच्याच वर्षी तिचं अधिकृत नाव 'हानसंग' केलं. ग्यंगबोक राजवाडा १३९५मध्ये उभा राहिला. १३९६मध्ये डोंगरांच्या कण्यावरून अठरा किलोमीटरांहून लांब तट बांधला गेला आणि त्याचे मोठे तुकडे आजही चालत फिरता येतात. मधेच १३९९मध्ये दरबार गेग्यंगला परतला. भावाभावांतली रक्तरंजित भांडणं त्यामागे होती. १४०५मध्ये तो पुन्हा हानसंगला आला आणि मग पाच शतकं तिथेच राहिला. तेव्हा मालिकांतल्या पात्रांनी खरं तर 'हानसंग' म्हणायला हवं? नाही. दप्तरी नाव बदललं तरी हानयांग लोकांच्या आणि कवींच्या तोंडी राहिलंच. लेखकांनी ते उचललं यात काही वावगं नाही.

पण साधा माणूस या काळातही बोलताना 'सोल'च म्हणत होता, याचा एक परका साक्षीदार आहे. हेंड्रिक हामेल हा डच खलाशी १६५३मध्ये जहाज फुटून कोरियाच्या किनाऱ्याला लागला आणि तेरा वर्षं तिथे अडकून पडला. सुटका झाल्यावर लिहिलेल्या वृत्तांतात तो राजधानीला 'सिओर' म्हणतो. त्याला चिनी अक्षरं येत नव्हती. कानावर पडलं ते त्याने लिहिलं.

म्हणीसुद्धा हेच सांगतात. 'घोडा जन्मला तर जेजूला पाठव, माणूस जन्मला तर सोलला.' 'आडवं चालत गेलात तरी चालेल, सोलला पोचा म्हणजे झालं.' आणि माझी आवडती: 'सोलला जाऊन किमरावांना शोधणं.' दर पाच कोरियनांमागे साधारण एक किम असतो, हे लक्षात घ्या.

१९१०मध्ये जपानने कोरिया गिळला आणि हानसंगचं 'ग्यंगसंग' केलं. जपानी उच्चार 'केइजो'. हे नाव जपान्यांनी शून्यातून घडवलं असं समजलं जातं, ते बरोबर नाही. 'राजधानीचा कोट' अशा अर्थाने ग्यंगसंग हा शब्द आधीपासून वापरात होता. खरी मानहानी होती ती दर्ज्यात: राजधानीला ग्यंगी प्रांताच्या कारभाराखाली टाकलं. 'ग्यंगी' म्हणजे 'राजधानीभोवतीचा मुलूख', म्हणजे मुलूख वर आणि राजधानी खाली. ग्यंगबोक राजवाड्याच्या पुढ्यात जपानी गव्हर्नर जनरलची अवाढव्य इमारत १९२६मध्ये पुरी झाली. ती पाडायला १९९५ उजाडलं. 'ग्यंग' हे अक्षर मात्र अजून रुळांवर आणि रस्त्यांवर आहे: सोल-बुसान रेल्वेमार्गाला आजही 'ग्यंगबू' म्हणतात.

१९४५मध्ये जपानी गेले, १९४६मध्ये 'सोल' हे शहराचं अधिकृत नाव झालं आणि १९४९मध्ये त्याला 'विशेष शहरा'चा दर्जा मिळाला. म्हणून मुंबईशी तुलना अर्धी पटते. लोक शतकानुशतकं जे म्हणत होते ते सरकारने एकदाचं कागदावर आणलं, इथपर्यंत साम्य आहे. पण बॉम्बे हा परक्यांच्या तोंडचा उच्चार होता, तर हानसंग हे कोरियन दरबाराने स्वतः ठेवलेलं नाव. तिथे मागे सरली ती परकी सत्ता आणि तिच्याबरोबर चिनी अक्षरांची प्रतिष्ठाही.

सगळ्यांना ते रुचलं असं नाही. १९५५मध्ये अध्यक्ष सिंगमन री यांनी नाव बदलायचं मनावर घेतलं. सोल हे काही शहराचं नाव नव्हे आणि परदेशी लोकांना ते धड म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नावं सुचवली गेली, त्यांतलं एक 'उनाम', म्हणजे खुद्द री यांचं टोपणनाव! बेत बारगळला, हे बरंच झालं. उत्तर कोरियाची गंमत वेगळी. १९४८च्या त्यांच्या राज्यघटनेत देशाची राजधानी म्हणून सोलच लिहिलं होतं आणि प्याँगयांगचं नाव आलं ते १९७२च्या घटनेत.

चिनी लोकांची वेगळीच पंचाईत झाली. 'सोल'ला चिनी अक्षरंच नाहीत, म्हणून ते हानसंगचाच चिनी उच्चार 'हानचंग' वापरत राहिले. सोल विद्यापीठाची पत्रं हानसंग विद्यापीठात जाऊन पडत. शेवटी २००५मध्ये सोल महापालिकेने स्वतःच 'शोउ-अर' असं चिनी रूप ठरवून जाहीर केलं. त्यातला 'शोउ' म्हणजे मस्तक, राजधानी या चिनी शब्दातलं पहिलं अक्षर. उच्चारही साधला आणि अर्थही, असे योग फार येत नाहीत.

शब्दार्थ थेट न्यायालयात पोचला तो २००४मध्ये. गर्दीने फुगलेल्या सोलमधून राजधानी देशाच्या मध्यभागी हलवण्याचा कायदा संसदेने केला होता. दक्षिण कोरियाच्या घटनेत राजधानीचा उल्लेखच नाही, त्यामुळे अडचण नसावी असं वाटत होतं. २१ ऑक्टोबर २००४ला घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सोल ही राजधानी असणं हा 'रूढ घटने'चा, म्हणजे कागदावर नसलेल्या पण परंपरेने मानलेल्या घटनेचा, भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. आधार म्हणून जोसन काळातली विधिसंहिता काढली गेली आणि 'सोल' या शब्दाचा कोशातला अर्थही. नवं शहर सेजोंग २०१२मध्ये सुरू झालं, बरीच मंत्रालयं तिथे गेली, पण राजधानी हे बिरुद सोलकडेच राहिलं.

आता लेखनाचं. 'सोल' हा इंग्रजी उच्चार, 'सेऊल' हे फ्रेंच मिशनऱ्यांच्या लेखनातून रुळलेलं रोमन स्पेलिंग अक्षरशः वाचून झालेलं रूप, आणि 'सियोल' हिंदीतून आलेलं. कोरियन शब्दात दोन अवयव आहेत, 'स' आणि 'उल', आणि पहिल्यातला स्वर आपल्या 'अ'च्या अगदी जवळचा. रोमन लिपीची इथे जी तारांबळ उडते ती देवनागरीची उडायचं कारण नाही: 'कौल'शी यमक जुळेल असं 'सौल' म्हणा, कोरियन माणूस लगेच ओळखेल. माझं मत विचाराल तर तेच लिहायला हवं होतं. पण १९८८च्या ऑलिंपिकपासून आपल्या डोळ्यांना 'सोल' सरावलं आहे, म्हणून मीही वर तेच वापरलं. बुटाच्या सोलशी गल्लत होईल अशी भीती कोणी घालतं, ती फुकाची. सेऊल चालेल. सियोल मात्र टाळा. त्यातला 'यो' कोरियन उच्चारात कुठेच नाही. आणि जुन्या काळाबद्दल लिहिताना १३९५ ते १९१०साठी हानसंग किंवा हानयांग, १९१० ते १९४५साठी ग्यंगसंग लिहिलं तर उत्तम. 'सोल' लिहिलंत तरी तो कालविपर्यास ठरणार नाही.